ईस्ट मिळेना, बेकरी बंद. म्हाताऱ्या माणसासाठी घरात मऊ पाव कसा भाजायचा?

शहापूरची सून (शहापूर, बेळगाव), एप्रिल २०२०

नमस्कार मंडळी. आमचे मामंजी ऐंशीच्या पुढचे आहेत. कवळी नीट बसत नाही, त्यामुळं भाकरी बंदच झाली आणि चपातीही चावत नाही. सकाळ-संध्याकाळ चहात पाव बुडवून खायचा, एवढंच त्यांचं मनापासूनचं खाणं. २५ मार्चला लॉकडाऊन लागला आणि गल्लीच्या टोकाची बेकरी बंद झाली. भट्टीवरचे कामगार गावाला गेलेत म्हणे. घरातले टोस्ट आणि बटर काही दिवस पुरले, आता तेही संपले. दुधात चपाती कुस्करून देते, दोन घास खातात आणि ताट बाजूला सारतात. बोलत काही नाहीत, पण अंगानं उतरलेले दिसायलेत.

दीर पास काढून गणपत गल्ली, रविवार पेठ सगळीकडं विचारून आले. ईस्ट कुठंच नाही. एका दुकानदारानं आतून एक अर्धं वापरलेलं पाकीट काढून दिलं, त्यावरची तारीख गेल्या वर्षीची आहे.

घरात काय आहे ते सांगते. चक्कीवर दळलेली लोकवनाची कणीक भरपूर आहे. मैदा अर्धा किलो. बटाटे आहेत, खायचा सोडा आहे, ताक रोजचंच. ओव्हन नाही. एक जुना पाच लिटरचा कुकर आहे, जाड बुडाचं पातेलं आहे आणि परसात चूल आहे. सिलिंडर एकच चालू आहे, दुसरा नोंदवलाय पण अजून आलेला नाही, त्यामुळं गॅस तासन् तास जाळता येणार नाही.

मऊ पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. वरून कडक झाला तर त्यांना उपयोग नाही. कुणी खरंच करून बघितलेलं असेल तर सांगा. इंटरनेटवरचे सगळे ओव्हन आणि ईस्ट धरूनच बोलतात.

टिळकवाडीची वहिनी

ताई, आजची संध्याकाळ भागवायची असेल तर ताक-सोड्याचा पाव करा. आयर्लंडमध्ये घरोघरी असाच करतात, ईस्ट लागतच नाही. अर्धी कणीक आणि अर्धा मैदा मिळून साधारण सव्वादोनशे ग्रॅम घ्या. त्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून दोनदा चाळा, म्हणजे सोड्याच्या गुठळ्या राहत नाहीत. मग आंबट ताक साधारण एक वाटी. ताक आंबटच पाहिजे, कारण सोडा आंबटाशी मिळाला की वायू सुटतो आणि त्यावरच पाव फुगतो. मळत बसू नका, हातानं गोळा झाला की लगेच भाजायला ठेवा. थांबलात तर वायू उडून जातो. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, तेवढं सांभाळा.

मी कुकरमध्ये केला होता. चांगला होतो, पण गरम असतानाच खायचा. दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो आणि चहात बुडवला की तुटून तळाला बसतो. मामंजींना रोजचा म्हणून हा चालेल असं मला वाटत नाही.

भट्टीवाले काका (कॅम्प, बेळगाव)

सूनबाई, मी इथल्या एका बेकरीत भट्टीसमोरच म्हातारा झालो. आता घरी असतोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या घरात पावाला लागणारं सगळं आहे. ईस्ट नसलं तर वेळ जास्त लागतो, एवढाच फरक.

आधी ते जुनं पाकीट बघा. तारीख गेली म्हणून टाकू नका. पाव वाटी पाणी कोमट करा, बोट बुडवल्यावर ना गरम लागावं ना गार. त्यात चिमूटभर साखर आणि पाव चमचा ईस्ट घालून झाकून ठेवा. पंधरा मिनिटांत वर फेस चढला तर ईस्ट जिवंत आहे. नुसतं तळाला बसून राहिलं तर मेलेलं, मग डबाभर घातलं तरी पीठ फुगायचं नाही.

जिवंत निघालं तर ते पुरवून वापरा. अर्धा किलो पिठाला पाव चमचा बास. रात्री नऊला मळा आणि झाकून ठेवा. आपल्याकडं सध्या दुपारी उकडतंय, पण पहाटेची हवा गार असते, त्यामुळं पीठ आंबून खाली बसत नाही. उठाल तेव्हा दुप्पट झालेलं असेल. बेकरीत आम्ही ईस्ट भरपूर घालायचो, कारण पहाटे पाव सायकलवर चढवायचा असायचा. घरात ती घाई नसते. सावकाश फुगलेल्या पावाला चव येते आणि तो एखादा दिवस जास्त टिकतो.

दुसरं, भाजायच्या आधी त्याच पिठातला मुठीएवढा गोळा काढून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांनी तो कुस्करून नव्या पिठात मिसळायचा. नव्यातला परत काढून ठेवायचा. असं केलंत तर ते अर्धं पाकीट महिनाभर हलत नाही. आमचे उस्ताद रोज कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात घालायचे. ईस्टची पोती आलेली असली तरी घालायचे.

ईस्ट जगातून काही संपलेलं नाही, हेही सांगतो. बेकऱ्यांना येतं ते अर्धा किलोच्या पाकिटात, आणि घरगुती छोटी पाकिटं सगळ्यांनी एकदमच उचलली. तुमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याचं घर माहीत असेल तर दिरांना विचारायला सांगा. त्याच्याकडं उघडलेलं पाकीट पडून असणार. चमचाभर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. साठा करायला मात्र मागू नका, आणखी कुणाच्या घरी असंच माणूस असेल.

आता पाकीट मेलेलं निघालं तर. मग खमीर धरायचं. यासाठी चक्कीची कणीकच लागते, मैदा नको. गव्हाच्या सालीवर जे जिवंत असतंय तेच आपल्याला वाढवायचं आहे, आणि मैद्यात साल नसते. काचेच्या बरणीत दोन मोठे चमचे कणीक आणि एक मोठा चमचा पाणी घट्टसर कालवा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग घ्या. विहिरीचं असेल तर उत्तम. बरणीवर फडकं बांधा आणि ओट्यावर ठेवा. रोज सकाळी त्यातलं निम्मं काढायचं आणि परत दोन चमचे कणीक, एक चमचा पाणी घालून हलवायचं. काढलेलं निम्मं फेकू नका. आंबोळीच्या पिठात घाला, धिरड्यात घाला. अन्नाची अशी टंचाई असताना कणीक मोरीत घालवायची नाही.

बरणीला बाहेरून रबर लावा, पीठ जिथवर आहे तिथं. घातल्यापासून चार-सहा तासांत ते रबराच्या दुप्पट वर चढायला लागलं की खमीर तयार. आठवडा लागतो, कधी दोन दिवस कमी, कधी जास्त. तोवर मामंजींना वहिनींचा ताकाचा पाव द्या, गरम गरम, दुधात भिजवून.

मऊपणाचं गुपित उकडीत आहे. पाव फुगला म्हणजे मऊ झाला असं नाही, पाणी आत धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे. दोन मोठे चमचे मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहा. चमच्याची रेघ उठायला लागली की उतरवा आणि गार करा. तीनशे ग्रॅम पीठ घ्या, त्यात निम्मा मैदा आणि निम्मी बारीक चाळणीनं चाळलेली कणीक. त्यात ही उकड, वाटीभर चढलेलं खमीर, एक चमचा साखर, आणि पाणी किंवा दूध लागेल तसं, अर्ध्या-पाऊण वाटीच्या आसपास. पीठ हाताला थोडं चिकटतंय असंच पाहिजे. चपातीच्या कणकेएवढं घट्ट केलंत तर पाव विटेसारखा होईल. कालवून अर्धा तास नुसतं झाकून ठेवा. बेळगावात मांडे करणाऱ्या बायकांना विचारा, पीठ मुरल्याशिवाय ताणत नाही. मग एक सपाट छोटा चमचा मीठ आणि दोन चमचे तेल घालून दहा मिनिटं मळा. लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांनी हळू ताणून बघा. फाटायच्या आधी पातळ पडदा दिसला तर मळून झालं.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान पोरगा होतो, बेकरीत पाव भाजायचे पत्रे पुसायला लागलो होतो. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी मिळायची, मैदा कधी यायचा, कधी नाही. तेव्हा उस्ताद उकडलेला बटाटा किसून पिठात मळायचे. पीठही पुरायचं आणि पाव मऊही राहायचा. तुमच्याकडं बटाटे आहेत. उकड करायचा कंटाळा आला तर एक मध्यम बटाटा घाला आणि पाणी कमी करा. दोन्ही एकदम नको, चिकट होतंय.

भाजायचं पुढं सांगतो, आधी खमीर धरा.

निपाणीचा मास्तर

काकांनी फार नीट सांगितलंय. एक शंका. कणीक चाळून कोंडा काढायला सांगताय, पण टंचाईत उलट करतात ना? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४२ पासून सरकारनं ‘नॅशनल लोफ’ म्हणून कोंड्यासकटच्या पिठाचा पाव सक्तीनं विकायला लावला होता. तेवढ्याच गव्हात जास्त पाव निघावा हा हेतू. लोकांना त्याचा करडा रंग आवडायचा नाही, तरी खायचे. युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हतं, ते आलं युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८. आमच्याकडं खपली गव्हाची कणीक आहे, तिचा पाव होईल का?

भट्टीवाले काका

मास्तर, बरोबर आहे, पोट भरायचं असेल तर कोंड्यासकटच खावं. इथं प्रश्न म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांचा आहे. कोंड्याचे बारीक कण पिठाचे धागे तोडतात आणि पाव बसका होतो. काढलेला कोंडा वाया घालवायचा नाही, खमिराला रोज घालायच्या कणकेत तो मिसळा, त्याला फार आवडतो. उरला तर थालीपीठ.

खपली चवीला गोड आणि पचायला हलकी, पण तिचा चिकटपणा कमी. नुसत्या खपलीचा पाव वर चढत नाही, चढला तर पसरतो. चार भाग मैदा-कणीक आणि एक भाग खपली असं घ्या. बाकी खपलीची खीर करा, तो तिचा मान आहे.

जांबोटीकर (खानापूर)

आमची आज्जी गोव्याकडची. तिच्या माहेरी पोदेर, म्हणजे पाववाले, ईस्टऐवजी माडाची सूर (माडी) घालून पाव करायचे, असं ती सांगायची. आता गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या वाटेवर नाका आहे, सूर कुठली आणणार! पण इडलीचं आंबवलेलं पीठ रोज घरात असतंय. ते घातलं तर चालेल का?

भट्टीवाले काका

एक चमचा खमिराच्या बरणीत पहिल्या दिवशी घातलंत तर लवकर जोर धरतंय. पण खमिराऐवजी वाटीभर इडलीचं पीठ घालून पाव करू नका. ते आंबट लवकर होतं आणि फुगवतं कमी. त्यात तांदूळ-उडीद असल्यानं पीठ ताणतही नाही.

शहापूरची सून

काका, पाकीट मेलेलंच निघालं, म्हणून खमीर धरलं. दुसऱ्या दिवशी बरणी उतू जाईल एवढं फुगलं, मला वाटलं झालं काम. आज चौथा दिवस, तर एकही बुडबुडा नाही. वर पिवळसर पाणी आलंय आणि वास कसातरीच, ओल्या मोज्यांसारखा. जाऊबाई म्हणतात टाकून दे. काय करू?

भट्टीवाले काका

टाकू नका! असंच होतंय आणि असंच व्हायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी फुगलं ते ईस्टमुळं नव्हे, दुसरेच जंतू होते. ते पीठ आंबट करतात आणि त्या आंबटपणानं स्वतःच मरतात. मग बरणी एक-दोन दिवस मेल्यासारखी दिसते. खरं खमीर त्यानंतर जागं होतं, कारण त्याला आंबट चालतं. वरचं पाणी ओतून द्या, निम्मं काढा, कणीक घाला, थांबा. गुलाबी किंवा केशरी डाग दिसले किंवा केसाळ बुरशी आली तरच टाकायचं, बरणी उकळत्या पाण्यानं धुवायची आणि पहिल्यापासून धरायचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं काही दिसत नाही.

शहापूरची सून

काका, आलं! काल रात्रीपासून चढायलंय, सकाळी दुपटीच्या वर गेलं. वासही बदलला, पिकलेल्या फळासारखा येतोय. आता भाजायचं सांगा. आणि आमच्या सिलिंडरचं लक्षात ठेवा.

भट्टीवाले काका

शाब्बास. मळून पहिल्यांदा फुगू द्या, खमिराला ईस्टपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. मग हलक्या हातानं हवा काढा, छोटे छोटे गोळे करा आणि तेल लावलेल्या डब्यात एकमेकांना चिकटवून बसवा, लादीसारखे. चिकटवले की कडा बाहेर पडत नाहीत आणि आतला पाव मऊ राहतो. परत फुगू द्या. केव्हा भाजायचं ते बोटानं कळतं. हलकं दाबा. खड्डा लगेच उसळून आला तर अजून थांबा. हळूहळू भरून आला, थोडी खूण राहिली, तर हीच वेळ. भरलाच नाही तर उशीर व्हायला लागलाय, आहे तसा चटकन भाजा.

गॅसऐवजी चूल वापरा. तुमचं ते जाड पातेलं घ्या. तळाला बोटभर जाडीची कोरडी वाळू, त्यावर लोखंडी स्टँड किंवा उलटी वाटी, त्यावर डबा. वर घट्ट बसणारं सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. कोकणात काकडीचं धोंडस भाजतात तसंच, खालून कमी आणि वरून जास्त. आधी पातेलं दहा-पंधरा मिनिटं रिकामं तापवा. डबा ठेवल्यावर जाळ ओढून घ्या, नुसत्या निखाऱ्यावर अर्धा ते पाऊण तास. पंचवीस मिनिटं तरी झाकण उघडू नका. मग विणायची सुई किंवा स्वच्छ काडी मधोमध घालून बघा, पीठ चिकटून आलं नाही की झाला.

गॅसवरच करायची वेळ आली तर कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढूनच ठेवा. पाणी घालायचं नाही, तळाला मीठ किंवा वाळू. नवा चांगला कुकर त्यासाठी खराब करू नका. कुकरात वरचा भाग पांढराच राहतो. तो कच्चा नसतो, तसाच खाल्ला तरी चालतो, आणि मामंजींना तर तसाच बरा.

काढल्या काढल्या वरून दूध किंवा तुपाचा हात फिरवा आणि ओलसर पंचानं झाकून ठेवा. वाफ तिथंच जिरते आणि वरची साल नरम पडते. गार झाल्याशिवाय कापू नका.

शहापूरची सून

काका, दोनदा भाजला. पहिल्या वेळी खालून जरा करपला, दुसऱ्या वेळी वाळू वाढवली आणि सुरेख आला. मामंजींनी चहात बुडवून दीड पाव खाल्ला आणि “संध्याकाळला ठेवलाय न्हवं?” असं विचारलं. एवढे दिवस ते काही मागतच नव्हते. तुमचे उपकार कसे फेडू!

आता दोन गोष्टी विचारते. पाव तिसऱ्या दिवशी कोरडा वाटतो. आणि माझी नणंद वडगावला आहे, तिच्या सासूबाईंनाही असाच त्रास आहे. मधे गल्ली बंद केलीय, बरणी नेता येत नाही. खमीर पाठवता येईल का?

भट्टीवाले काका

उपकार कसले. मामंजींना माझा नमस्कार सांगा.

कोरडा झालेला पाव चाळणीत ठेवून इडलीपात्रात दोन मिनिटं वाफवा, ताज्यासारखा होतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं लवकर वाळतो. स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. आता उन्हाळा आहे, तीन दिवसांच्या वर बुरशी बघूनच द्या.

खमीर वाळवून पाठवा. चढलेलं खमीर ताटाला तेल न लावता किंवा बटर पेपरवर अगदी पातळ सारवा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात नको, उन्हानं ते मरतं. एक-दोन दिवसांत कडकडीत होऊन पापुद्रे सुटतात. ते चुरून कोरड्या कागदाच्या पुडीत बांधा. भाजी किंवा दूध घेऊन त्या बाजूला जाणारा कुणी असेल त्याच्याकडं द्या, त्यानं कट्ट्यावर ठेवली तरी चालेल. नणंदेनं एक चमचा चुरा एक चमचा पाण्यात भिजवायचा, तासाभरानं एक चमचा कणीक घालायची आणि मग रोज सकाळी आपल्यासारखंच. तीन-चार दिवसांत चढायला लागेल. आठवडाभर वाट बघायला नको.

जांबोटीकर, मास्तर, तुम्हाला पाहिजे असेल तर सूनबाईंकडून पुडी मागून घ्या. सूनबाई, थोडा चुरा स्वतःसाठीही डब्यात ठेवा. बरणी कधी हातातून पडली तर कामी येईल.

जांबोटीकर

मला पाहिजे. आमच्या इथून दुधाची गाडी रोज बेळगावला जाते, ड्रायव्हर ओळखीचा आहे. ताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवतो.